ब्राउझरमधला मुक्तस्रोत गेम-क्लायंट : नकाशा उभा राहिला, पण सर्व्हर दार उघडेना

अर्धविराम (दादर) :

गेले तीन महिने रात्री साडेदहानंतरचा वेळ मी एका उद्योगात घालवतो आहे आणि आता अशा जागी अडलो आहे की, जाणकारांना विचारल्याखेरीज पुढे सरकणे कठीण दिसते. ‘द मॅना वर्ल्ड’ हा अनेकांनी एकाच वेळी आंतरजालावर खेळायचा मुक्तस्रोत खेळ २००४ पासून स्वयंसेवकांच्या बळावर उभा आहे. त्याचा क्लायंट, म्हणजे खेळाडूच्या बाजूचा प्रोग्राम, सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेला असून तो आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा लागतो. माझ्या पुतण्याला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काहीही इन्स्टॉल करता येत नाही. त्याच्या हाती ब्राउझर तेवढा असतो. मला त्याची अडचण लगेच कळली, कारण मी स्वतः ज्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून खेळायला शिकलो, तिथला मालकही ‘मशिनवर नवीन काही टाकायचे नाही’ या नियमावर ठाम होता. म्हणून ब्राउझरच्या एका टॅबमध्ये चालणारा, ज्याचा कोड कोणालाही वाचता आणि बदलता येईल असा क्लायंट लिहावा, असे मनात आले.

हाच खेळ निवडण्याचे कारण सरळ आहे. त्याचा सर्व्हर, क्लायंट, चित्रे आणि नकाशे, सारे मुक्त परवान्याखाली आहे. नकाशे ‘टाइल्ड’ या संपादकाच्या स्वरूपात आहेत आणि त्या संपादकाचा मूळ कर्ता याच खेळाच्या विकसकांपैकी होता, त्यामुळे दस्तऐवज उत्तम मिळतात. एका एक्सएमएल फाइलीत थरावर थर रचलेले असतात. काही थरांचे आकडे स्वल्पविरामांनी तोडून उघडे लिहिलेले असतात, तर काही झेडलिबने (माहिती आकसवण्याची पद्धत) दाबून बेस-६४मध्ये (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची रीत) भरलेले असतात. हे दाबलेले थर उलगडण्याची सोय आता ब्राउझरमध्येच आहे. ३२ पिक्सेलांचे चौकोन कॅनव्हास या ब्राउझरमधल्या चित्रफलकावर मांडत गेलो आणि दुसऱ्याच रविवारी गाव, झाडे, विहीर, सगळे पडद्यावर दिसू लागले. घरातल्यांना वाटले, काम झाले. मलाही क्षणभर तसेच वाटले, हे कबूल करतो.

खरी भिंत पुढे आहे. खेळाचा सर्व्हर साध्या टीसीपीवर, म्हणजे दोन यंत्रांमधल्या बाइटांच्या थेट जोडणीवर, बोलतो आणि ब्राउझर मला टीसीपी सॉकेट (अशा जोडणीचे टोक) उघडू देत नाही. मधे प्रॉक्सी, म्हणजे दोघांचे बाइट इकडून तिकडे पोचवणारा मध्यस्थ प्रोग्राम, ठेवावी लागते, एवढे वाचनातून समजले. पण ती कुठे ठेवावी, तिने काय करावे आणि काय करू नये, याबाबत माझा गोंधळ आहे. शिवाय माझा क्लायंट कोणत्या परवान्याखाली द्यावा, हा प्रश्न आहेच.

खिडकीपाशी (बोरिवली) :

अभिनंदन, आणि थोडी सहानुभूतीही. नकाशा हा या कामातला सर्वांत गोड भाग असतो, म्हणून तो आधी होतो.

ब्राउझर टीसीपी सॉकेट देत नाही याचे कारण सुरक्षेचे आहे. कोणत्याही संकेतस्थळाला तुमच्या संगणकावरून हव्या त्या पत्त्यावर हवे ते बाइट पाठवता आले असते, तर तुमच्या घरच्या राउटरपासून कार्यालयातल्या प्रिंटरपर्यंत सगळे त्याच्या हाती गेले असते. डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ या मानकपत्राने प्रसिद्ध झालेल्या वेबसॉकेटची, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या सतत खुल्या राहणाऱ्या जोडणीची, सुरुवात एचटीटीपीच्या हस्तांदोलनाने होते ती यासाठीच : समोरच्याने ‘मला हे संभाषण मान्य आहे’ असे स्पष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुमचा जुना सर्व्हर हे सांगू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने ते सांगणारा दुभाष्या हवा. ‘फ्रीसिव्ह-वेब’ या ब्राउझरमधल्या खेळाने हेच केले : खेळाचा मूळ सी भाषेतला सर्व्हर तसाच ठेवून मधे पायथनमधली प्रॉक्सी बसवली. ‘रोब्राउझर’ या ‘रॅग्नारोक ऑनलाइन’च्या ब्राउझर-क्लायंटचीही रचना तीच आहे.

एक सावधगिरी मात्र पहिल्या दिवसापासून बाळगा. क्लायंट सांगेल त्या पत्त्यावर आणि पोर्टवर जोडणी करून देणारी प्रॉक्सी लिहिणे फार सोपे असते, आणि तशी प्रॉक्सी उघड्यावर ठेवली की आठवड्याभरात तिच्याआडून कोणीतरी भलतेच उद्योग करू लागते. कोणत्या सर्व्हरांशी बोलायचे त्यांची यादी प्रॉक्सीतच कोरून ठेवा.

तसेच तुमचे पान एचटीटीपीएसवर असेल, आणि असायलाच हवे, तर वेबसॉकेटही टीएलएसवरचेच, म्हणजे सांकेतिक कवचातलेच, लागेल. साधे वेबसॉकेट ब्राउझर अडवतो. त्यासाठीचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळते, त्यामुळे त्याची सबब चालणार नाही.

अर्धविराम :

आपल्या सूचनेप्रमाणे प्रॉक्सी लिहिली आणि घरच्याच एका संगणकावर खेळाचा सर्व्हर उभा केला, म्हणजे परक्यांच्या सर्व्हरवर माझ्या चुकांचा भार पडू नये. त्यानंतरचे दोन आठवडे कसे गेले ते सविस्तर लिहितो, कारण या वाटेने पुढे येणाऱ्याचे श्रम वाचतील.

या खेळाचा सर्व्हर ‘ई-अथेना’ या मुक्तस्रोत गेम-सर्व्हरच्या घराण्यातला आहे. या घराण्यात सर्व्हर एक नसून तीन असतात. पहिला लॉगिन तपासतो, दुसरा तुमची पात्रे दाखवतो आणि तिसऱ्यावर प्रत्यक्ष खेळ चालतो. लॉगिनचे पॅकेट, म्हणजे ठरावीक रचनेचा संदेश, बरोबर ५५ बाइटांचे असते : दोन बाइट पॅकेटच्या क्रमांकाचे, चार आवृत्तीचे, चोवीस नावाचे, चोवीस पासवर्डचे आणि शेवटचा एक. सर्व आकडे खालचा बाइट आधी अशा क्रमाने येतात, आणि जावास्क्रिप्टचा डेटाव्ह्यू (बाइट वाचण्याचे साधन) मात्र वेगळे सांगितले नाही तर वरचा बाइट आधी वाचतो. त्यामुळे सर्व्हर ‘१०५’ म्हणजे ‘लॉगिन मान्य’ असे सांगत होता आणि माझा क्लायंट ‘२६,८८० क्रमांकाचे पॅकेट मला ठाऊक नाही’ अशी तक्रार करत होता. हे उमगायला एक संध्याकाळ गेली.

त्याहून छळवादी प्रकार दुसऱ्या सर्व्हरवर घडला. मी ओळखपत्र पाठवले, उत्तर आले, आणि त्या उत्तराच्या सुरुवातीला कोणत्याही पॅकेटशी न जुळणारे चार बाइट होते. मला आधी प्रॉक्सीवर संशय आला, मग वेबसॉकेट लायब्ररीवर, मग स्वतःवर. शेवटी बाइटांची ओळ कागदावर उतरवून काढली तेव्हा दिसले की, ते चार बाइट म्हणजे माझाच खातेक्रमांक आहे. दुसरा सर्व्हर जोडणी होताच काहीही शीर्षक न लावता खातेक्रमांक परत पाठवतो आणि मगच नियमित पॅकेटे सुरू होतात. चार बाइट गिळून पुढे गेलो आणि पात्र पडद्यावर उभे राहिले. रात्रीचे दीड वाजले होते, म्हणून ओरडलो नाही.

तिसरी गोष्ट चूक नव्हे, माझे अज्ञान होते. टीसीपी हा बाइटांचा अखंड प्रवाह असतो. एका वेळी आलेला तुकडा म्हणजे एक पॅकेट, अशी समजूत करून घेतली की घात होतो. घरच्या जाळ्यात सगळे सुरळीत चालले. मोबाइलवरून पाहिले तर एका तुकड्यात अडीच पॅकेटे येत होती. आता आलेले बाइट आधी साठवतो आणि पॅकेटची लांबी पूर्ण झाल्यावरच ते उचलतो.

खिडकीपाशींच्या यादीच्या कल्पनेत एक भर घातली आहे. पहिला सर्व्हर दुसऱ्याचा पत्ता पॅकेटमधून सांगतो. तो क्लायंटने प्रॉक्सीला कळवायचा, असा सरधोपट मार्ग होता. त्याऐवजी क्लायंट आता फक्त ‘लॉगिन’, ‘पात्र’ किंवा ‘नकाशा’ एवढाच शब्द पाठवतो आणि खरा पत्ता प्रॉक्सीला आधीपासून ठाऊक असतो.

आउटगोइंग (ठाणे) :

मला मूलभूत आक्षेप आहे. वेबसॉकेट टीसीपीवर चालते, म्हणजे एक पॅकेट वाटेत हरवले की मागची सगळी त्याच्यासाठी थांबून राहतात. धावत्या खेळाला हे परवडत नाही. वेबआरटीसी या ब्राउझरमधल्या थेट संवादाच्या तंत्राच्या डेटा चॅनेलमध्ये क्रम आणि पुन्हा पाठवणे दोन्ही बंद करता येतात. वेबट्रान्सपोर्ट हे नवे तंत्रही आता उपलब्ध होत आहे. नवीन काही बांधायचेच आहे, तर कालचे तंत्र कशाला?

खिडकीपाशी :

आक्षेप योग्य आहे, पण या खेळाला लागू नाही. प्रॉक्सीच्या पलीकडे बसलेला सर्व्हर टीसीपीवरच बोलतो आणि प्रत्येक पॅकेट क्रमाने मिळेल असे गृहीत धरतो. प्रॉक्सीच्या अलीकडच्या बाजूला यूडीपी (पोचण्याची हमी न देणारी पद्धत) आणून पॅकेट गाळले, तर प्रॉक्सीला ते पुन्हा मागवून क्रमाने लावूनच पुढे द्यावे लागेल, म्हणजे टीसीपी आपल्या हाताने पुन्हा लिहावा लागेल. शिवाय हा खेळ चौकोनाचौकोनाने चालण्याचा आहे. पात्राची जागा केवळ तीन बाइटांत मावते : दहा बिट आडव्या स्थानाचे, दहा उभ्याचे आणि चार दिशेचे. ‘क्वेक’सारख्या नेमबाजीच्या खेळाची निकड इथे नाही.

त्यापेक्षा प्रॉक्सीत नेगलचा अल्गोरिदम बंद केला आहे का, ते आधी पाहा. लहान लहान पॅकेटे एकत्र करून पाठवण्याची ही जुनी युक्ती समोरच्याच्या उशिरा येणाऱ्या पोचपावतीशी गाठ पडली की, प्रत्येक पावलामागे ४० मिलिसेकंद सहज खाते. एका ओळीत ती बंद होते आणि फरक डोळ्यांना दिसतो.

अर्धविराम :

बंद नव्हता. केला. फरक दिसला. आभार.

आता प्रॉक्सी कुठे ठेवावी हा प्रश्न. मुंबईत २०१६ पासून ॲमेझॉनचे आणि २०१७ पासून गुगलचे डेटा सेंटर आहे, तेव्हा खेळाडूंच्या जवळ म्हणून ती मुंबईतच ठेवावी असे मला वाटते.

आउटगोइंग :

खेळाचा सर्व्हर युरोपात असेल तर मुंबईतली प्रॉक्सी अंतर कमी करत नाही. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर धरले, तरी जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्राखालची तार सरळ रेषेत जात नाही. मात्र मुंबईत प्रॉक्सी असण्याचा एक फायदा मी मान्य करतो. मोबाइलच्या जोडणीत पॅकेट हरवते ते बहुधा मनोरा आणि फोन यांच्यातल्या शेवटच्या टप्प्यात. प्रॉक्सी जवळ असेल तर हरवलेले पॅकेट पुन्हा मिळायला अर्धे जग ओलांडावे लागत नाही.

खिडकीपाशी :

तांत्रिकदृष्ट्या पटते, तरीही माझे मत उलट आहे, आणि त्याचे कारण वेगाशी संबंधित नाही. अर्धविरामांनी वर जे ५५ बाइट मोजून दाखवले, त्यातले चोवीस बाइट पासवर्डचे आहेत आणि ते उघडे असतात. ब्राउझर ते प्रॉक्सीपर्यंत टीएलएसचे कवच आहे. प्रॉक्सीत ते उतरते आणि पुढचा प्रवास उघड्यानेच होतो. म्हणजे प्रॉक्सी चालवणाऱ्याला प्रत्येक खेळाडूचा पासवर्ड वाचता येतो, आणि त्यापुढे युरोपपर्यंतच्या वाटेवरील कोणालाही. प्रॉक्सी खेळाच्या सर्व्हरशेजारी, शक्य तर त्याच यंत्रावर आणि त्याच मंडळींच्या ताब्यात असावी. क्लायंट कितीही मुक्त असला तरी मधला माणूस खेळाडूंना ठाऊक नसेल, तर कोड वाचता येण्याचा उपयोग काय?

दुसरेही एक कारण आहे. सगळे खेळाडू प्रॉक्सीच्या एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात. एकाने दांडगाई केली आणि सर्व्हरने तो पत्ता बंद केला की सगळेच बाहेर. एचएप्रॉक्सी या प्रॉक्सी-सॉफ्टवेअरवाल्यांनी मूळ पत्ता पुढे कळवण्यासाठी ‘प्रॉक्सी प्रोटोकॉल’ तयार केला आहे, पण सर्व्हर चालवणाऱ्यांनी तो स्वीकारला तरच तो उपयोगी पडतो. त्यांच्याशी बोलल्याशिवाय हे काम पुढे नेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फास्टलोकल (कल्याण) :

मी क्लायंट आपल्या चाचणी-सर्व्हरवर रोज सकाळी गाडीत वापरून पाहतो आहे. खेळ चालतो, परंतु जोडणी तुटली की थेट लॉगिनच्या पानावर फेकला जातो. स्थानकावरच्या मोफत वायफायमधून, जे जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झाले आणि आता जवळपास सर्वत्र आहे, फोन मोबाइल डेटावर उडी मारतो. पत्ता बदलतो आणि वेबसॉकेट मरते. डोंबिवलीला चढलो, फलाट सुटला, पुन्हा लॉगिन. ठाण्याला फोनने आपणहून वायफाय पकडले, पुन्हा लॉगिन. एका प्रवासात सात वेळा पासवर्ड टंकला, तोही एका हाताने, दुसरा हात कडीला. या क्लायंटचा पहिला गिऱ्हाईक जर मुंबईकर असणार असेल, तर हे आधी सोडवा.

अर्धविराम :

अत्यंत रास्त तक्रार. मी सगळ्या चाचण्या घरी टेबलापाशी बसून केल्या, हा माझा दोष.

आता असे केले आहे. जोडणी होताना प्रॉक्सी क्लायंटला एक लांबलचक यादृच्छिक खूण देते. वेबसॉकेट तुटले तरी प्रॉक्सी सर्व्हरकडची टीसीपी जोडणी तीस सेकंद धरून ठेवते, दरम्यान आलेले बाइट साठवते आणि तीच खूण घेऊन क्लायंट परतला की साठा त्याच्या हवाली करते. साठ्याला मर्यादा घातली आहे. नाहीतर गर्दीच्या नकाशावरून गायब झालेला एक खेळाडू प्रॉक्सीची स्मृती भरून टाकेल. दोन्ही बाजूंनी किती बाइट पोचले त्याची मोजणीही ठेवावी लागली, कारण तुटण्याच्या नेमक्या क्षणी वाटेत असलेले पॅकेट एकदा हरवत होते आणि एकदा दोनदा पोचत होते. दोनदा पोचल्यामुळे माझ्या पात्राने एकाच वस्तूचे दोनदा पैसे मोजले.

कलमापुरते (फोर्ट) :

व्यवसायाने वकील असल्याने परवान्याच्या प्रश्नावर लिहितो. हा औपचारिक सल्ला समजू नये.

आपण निवडलेल्या खेळात अडचण कमी आहे, पण अजिबात नाही असे नव्हे. मूळ क्लायंट जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे. त्याचा सी-प्लस-प्लस कोड समोर ठेवून ओळीमागून ओळ जावास्क्रिप्टमध्ये उतरवली असेल, तर आपली कृती त्यावर आधारित ठरते आणि तिलाही जीपीएलच लावावा लागतो. ब्राउझरमधला क्लायंट खेळाडूच्या यंत्रावर पाठवला जातो, म्हणजे तो वितरितच होतो, त्यामुळे ‘ही तर फक्त वेबसेवा आहे’ ही पळवाट इथे नाही. प्रॉक्सी मात्र आपल्या यंत्रावरच राहते. तिच्यातल्या सुधारणाही खुल्या राहाव्यात अशी इच्छा असेल तर एजीपीएल (जाळ्यावरून सेवा म्हणून चालवलेल्या प्रोग्रामलाही लागू होणारे जीपीएलचे रूप) निवडा. चित्रे आणि संगीत यांचा परवाना कोडपासून वेगळा नोंदवा. मोझिलाने २०१२ मध्ये ‘ब्राउझरक्वेस्ट’ हा ब्राउझरमधला खेळ खुला केला, तेव्हा कोड एमपीएल २.० या मोझिलाच्याच परवान्याखाली आणि चित्रे-मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए ३.० खाली ठेवला होता. तो नमुना चांगला आहे.

खेळ बंदिस्त असता तर चित्र वेगळे असते. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१)(एबी) नुसार, प्रोग्राम कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक ती माहिती मिळवण्याची मुभा आहे, मात्र ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसावी. ही तरतूद १९९९ च्या दुरुस्तीने आली. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ए तांत्रिक संरक्षण मोडण्याविषयी आहे, तेही सोबत वाचावे. अमेरिकेत ‘बीनेटडी’ या मुक्तस्रोत सर्व्हरच्या प्रकरणात अपील न्यायालयाने २००५ मध्ये ब्लिझार्ड या खेळ-कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तिथे करारातल्या अटी आणि संरक्षण ओलांडणे हे दोन्ही मुद्दे विकसकांच्या विरोधात गेले. आणि कोणी विचारण्याआधीच : २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यातली बंदी पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे; इथे पैजेचा प्रश्नच नाही.

आउटगोइंग :

वरचे वाचून एक शंका. मी मूळ कोड न वाचता केवळ पॅकेटे पाहून क्लायंट लिहिला, तर एमआयटी हा सैल अटींचा परवाना लावता येईल ना?

कलमापुरते :

येईल, जर खरोखरच तसे केले असेल आणि ते दाखवता येईल. एकाने वाचून वर्णन लिहावे, दुसऱ्याने फक्त त्या वर्णनावरून कोड लिहावा, ही पद्धत संगणक उद्योगात ऐंशीच्या दशकापासून मान्य आहे. एकट्या माणसाने रात्री दीड वाजता दोन्ही भूमिका केल्या असतील, तर जीपीएल लावून निर्धास्त झोपलेले बरे.

अर्धविराम :

मी मूळ कोड अनेकदा उघडून पाहिला आहे, तेव्हा जीपीएलच.

मात्र निराळीच एक गंमत पुढे आली आहे. पुतण्याच्या मित्राने ‘ज्ञानेश्वर’ नावाचे पात्र देवनागरीत तयार केले. माझ्या चाचणी-सर्व्हरवर अक्षरांचे बंधन मी सैल केले होते, त्यामुळे नाव स्वीकारले गेले; पडद्यावर मात्र ‘ज्ञानेश’ आणि त्यापुढे एक काळा प्रश्नांकित चौकोन उमटला. नावाला चोवीस बाइट, त्यातला एक शेवटच्या शून्याचा, उरले तेवीस. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि हलन्तही चिन्हच मोजले जाते. या नावात दहा चिन्हे, म्हणजे तीस बाइट. सात चिन्हे पूर्ण बसली आणि आठव्याचे, म्हणजे श्वच्या हलन्ताचे, दोनच बाइट आत शिरले. नुसते ‘श्री’ लिहिले तरी बारा बाइट जातात. आधी ‘श्री’ लावून नाव लिहिणाऱ्याला पुढे तीनच चिन्हे उरतात.

खिडकीपाशी :

तेवीस बाइटांवर कापू नका. पूर्ण अक्षरावर कापा. ब्राउझरच्या इंटल या भाषाविषयक सुविधेत सेगमेंटर आहे, तो अक्षरगट वेगळे करून देतो. त्यातले तेवीस बाइटांत मावतील तेवढेच घ्या. मग या नावाचे ‘ज्ञाने’ होईल, जे ‘ज्ञानेश’पेक्षाही तोकडे आहे, पण चौकोन दिसणार नाही. त्याहून चांगले म्हणजे नाव टंकतानाच ‘आणखी इतकी जागा आहे’ असे दाखवा आणि कापण्याचा निर्णय खेळाडूवर सोडा.

गप्पांची चौकट वेबजीएल या ब्राउझरमधल्या चित्रतंत्रात अक्षरांच्या तयार चित्रांतून रंगवत असाल तर तेही थांबवा. तिथे जोडाक्षरे स्वतः जुळवावी लागतात आणि पहिल्या वेलांटीतच पाय घसरतो. गप्पा साध्या एचटीएमएलमध्ये कॅनव्हासच्या वर ठेवा; जोडाक्षरांचे काम ब्राउझर चोख करतो.

फास्टलोकल :

आज सकाळी कल्याण ते सीएसएमटी एकदाच पासवर्ड टंकला. भायखळ्याला एक फोन आला, टॅब मागे गेला, परत आलो तर पात्र मेलेले होते. ही चूक माझी की क्लायंटची?

अर्धविराम :

क्लायंटची. टॅब मागे गेला की ब्राउझर चित्राचे चक्र पूर्ण थांबवतो आणि टायमर संथ करतो. मी ‘मी जिवंत आहे’ हा संदेश त्याच चित्रचक्राला बांधला होता. तो वेब वर्करमध्ये, म्हणजे पानामागे स्वतंत्रपणे चालणाऱ्या भागात, हलवतो आहे. पात्र मेले ते मात्र राक्षसामुळे, त्यावर माझ्याकडे इलाज नाही; फोन घेण्याआधी गावाच्या वेशीच्या आत उभे राहत जा.